अध्यक्षांचं वैयक्तिक मत

सकाळी सात वाजता आमचे नगराध्यक्ष एसटी स्टँडमागच्या ऑम्लेटच्या गाडीआड, भिंतीकडे तोंड करून उभे होते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस भलत्याच कामाला उभा आहे. पण हातात स्टीलची ताटली होती आणि कोपर भराभर वरखाली होत होतं.

"विलास," मी म्हटलं.

कोपर थांबलं. पहिलीत याच्या मागे उभं राहून हाक मारली की पाटीवरचा हात असाच थांबायचा. पस्तीस वर्षांत पाठ तेवढी रुंद झाली होती.

"बाई! तुम्ही इथं?"

"अंड्यांचा घाऊक भाव विचारायला आलेय. तू?"

"मी... ते गटारीचं काम चाललंय ना, त्याची पाहणी."

गाडीवाल्याने तवा खरवडत विचारलं, "साहेब, दुसरा हाफ फ्राय टाकू ना?"

"गटार बरीच खोल दिसतेय," मी म्हटलं.

विलास घाईने वळला आणि ताटली कलंडली. अंड्यातलं पिवळं पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या खिशावर सांडलं. त्याने रुमालाने पुसलं, तर ते आणखी पसरलं. शाईचं असंच व्हायचं त्याचं.

"आज अकराला सभा आहे," मी म्हटलं. "ठराव क्रमांक चौदा."

"माहीत आहे बाई. आणि वैयक्तिक म्हणाल तर मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे."

"आणि मत?"

"द्यायची वेळ आलीच तर मत विरोधात पडेल."

"कोणाचं?"

"माझंच," तो खाली बघत म्हणाला.

"मग हे तुझं वैयक्तिक तू ठेवतोस तरी कुठे?"

"मनात असतं ना, बाई."

"आणि पोटात."

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा हिवरकोट नगरपरिषदेच्या शाळा क्रमांक तीनची मुख्याध्यापिका होते. निवृत्तीला चार महिने उरले होते. मुख्याध्यापिका झाले तरी पहिलीचा वर्ग मी कुणाला दिला नव्हता. वरच्या वर्गांतली मुलं विचारलेलं सांगतात, पहिलीतली न विचारलेलंही सांगतात, म्हणून.

त्या वर्षी सरकारी डॉक्टरांनी माझ्या त्रेचाळीस मुलांची वजनं केली. एकोणीस जणांपुढे लाल पेन्सिलीने फुली आली. दुपारी शाळेत खिचडी मिळायची, तिने पोट भरायचं, पण हातापायांच्या काड्या काही भरत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून एक अंडं दिलंत तरी फरक दिसेल. मी रीतसर प्रस्ताव लिहिला: नगरपरिषदेच्या चारही शाळांत दर बुधवारी प्रत्येक मुलाला एक उकडलेलं अंडं, आणि जे खात नाहीत त्यांना केळं.

प्रस्ताव पाठवण्याआधी मुलांचं मत घेतलं. पहिलीत मत घेण्याची माझी एक रीत होती. मान खाली, कपाळ मनगटावर, डोळे मिटलेले, आणि मग हात वर. डोळे उघडे असले की पोर आधी शेजाऱ्याचा हात बघतं आणि मग आपला उचलतं. मी "केळं?" म्हटलं, पाच हात वर आले. "अंडं?" म्हटलं, सदतीस. एक मुलगी तशीच झोपून गेली होती.

मग मी एक चूक केली. मुलांना सांगून टाकलं, बुधवारी अंडं मिळेल म्हणून. आता पहिलीतल्या मुलांना "प्रस्ताव विचाराधीन आहे" कसं सांगायचं? त्या दिवसापासून रोज प्रार्थना संपली की कुणीतरी विचारायचं, "बाई, आज बुधवार हाय का?" खरोखर बुधवार असला की मला फळ्याकडे तोंड करावं लागायचं. असे सात बुधवार गेले. चार महिन्यांनी मी घरी बसले की हा कागद कोण उचलणार, हे मला ठाऊक होतं. कुणीही नाही.

कागद अडला तो आप्पा कोठावळ्यांच्या हरिनाम मंडळापाशी. आप्पा माणूस वाईट नव्हते. पण त्यांनी सगळ्या सदस्यांना पत्र पाठवलं होतं: जो अंड्याच्या बाजूने हात वर करील, त्याला सप्ताहात मानाचा नारळ नाही आणि निवडणुकीत मंडळाची हजार-बाराशे मतं नाहीत. नारळावाचून चाललं असतं. मतांवाचून चालणारा सदस्य आमच्या गावात अजून जन्माला यायचा होता.

नगरपरिषदेत सदस्य सतरा. त्यातले नऊ माझ्याच हाताखालून गेलेले. मी आठ दिवस घरोघर हिंडले. कुणी सरबत दिलं, कुणी पाया पडलं, आणि सगळ्यांनी एकच शब्द ऐकवला. वैयक्तिक. वैयक्तिक कुणाचाच विरोध नव्हता.

दत्तू घोणेची तर कमाल. त्याचं चिकन सेंटर. मी गेले तेव्हा तो लाकडी ओंडक्यावर कोंबडी तोडत होता. मागे अंड्यांचे ट्रे छतापर्यंत रचलेले.

"बाई, अंड्यासारखं दुसरं खाणं नाही," तो सुरा थांबवून म्हणाला. "ह्या अंड्यांवर माझं घर उभं आहे."

"मग हात वर कर."

"ते जमायचं नाही. माझा गाळा मंडळाच्या जागेत आहे ना."

"म्हणजे मंडळाच्या जागेत कोंबडी कापलेली चालते, आणि शाळेत अंडं उकडलेलं चालत नाही?"

दत्तूने विचार केला. त्याला विचार करायला पहिल्यापासूनच वेळ लागायचा. "बाई, कापणं वेगळं आणि ठराव करणं वेगळं," तो शेवटी म्हणाला. "कोंबडी कुठे नोंदवहीत लिहितात?"

अशी पंधरा दारं झाली. सोळावा गाडीआड सापडला. बाजूने किती, ते बोटांवर मोजायला गेले तर एक हातही पुरून उरत होता. सतरावं दार चंद्राक्का मुळेचं. तिथे मी गेले नाही. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, आप्पांच्या मंडळातलं बायकांचं भजन तिच्याच आवाजावर चालायचं. सदस्य व्हायच्या आधी सहा वर्षं ती आमच्याच शाळेत खिचडी करायची, तेव्हा कांदासुद्धा दुसरीकडून चिरून घ्यायची. तिच्याकडे जाऊन तिला अंड्याचं काय सांगायचं?

अकराला सभागृह भरलं. मागच्या बाकांवर आप्पा आणि मंडळाचे तीसेक लोक बसले होते. दोघांनी टाळही आणले होते, वाजवायची परवानगी नव्हती तरी. प्रस्ताव माझा म्हणून मला दाराशी एक खुर्ची मिळाली होती. बोलायचा अधिकार नव्हता, नुसती खुर्ची. विलासने कागदपत्रांची फाइल छातीशी धरली होती. का धरली होती ते त्या सभागृहात एकटीला मला माहीत होतं.

तेरा ठराव अर्ध्या तासात झाले. चौदावा आला तसा एक सदस्य उठला. आप्पांनी पाठवलेली चिठ्ठी त्याच्या हातातच होती.

"अध्यक्ष महाराज, नुसते हात नकोत. नावं पुकारून मतं घ्या. कोण कुठे आहे ते गावाला कळू दे. आणि सुरुवात प्रभाग एकपासून करा."

प्रभाग एक म्हणजे चंद्राक्का. आप्पांनी समाधानाने मांडी घातली. पहिलाच 'प्रतिकूल' असा खणखणीत पडला की मागचे पंधरा मुकाट्याने येणार, हा त्यांचा हिशेब. मीही पर्स उचलून मांडीवर घेतली. हरायचं ते उभ्याने, एवढंच ठरवलं होतं.

सभेचं पुस्तक लिहिणारा कारकून काशीद म्हणाला, "प्रभाग एक, चंद्राक्का मुळे. अनुकूल की प्रतिकूल?"

चंद्राक्का उठली. पदर सारखा केला. "काशीद, ठराव परत वाच."

"अक्का, आत्ताच वाचला."

"मी चौथी पास बाई. परत वाच."

काशीदने वाचला.

"ह्यात मी अंडं खायचं असं लिवलंय का?"

"नाही, अक्का."

"मी शिजवायचं?"

"नाही."

"मग आप्पांनी खायचं असं लिवलंय?"

सभागृहात खसखस पिकली. काशीद गोंधळून परत कागदात बघायला लागला. "नाही... आप्पांचं नाव नाही."

"मग लिव. अनुकूल."

मागच्या बाकावरून एक टाळ खाली पडला. आप्पा उभेच राहिले. "अक्का! गळ्यात माळ आहे तुमच्या!"

"माज्या गळ्यात हाय, आप्पा. पोरांच्या गळ्यात न्हाई." तिचा आवाज भजनाचा होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "सहा वर्सं मी त्या शाळेत खिचडी वाढलीय. कुठलं पोर अर्धी खिचडी रुमालात बांधून घरला नेतं, ते मला ठाव हाय. अंड्याचा वास मला सोसत न्हाई, खरं हाय. पर ते माजं नाक झालं. पोट त्यांचं हाय."

"मंडळातून नाव काढावं लागेल."

"काढा. उद्याच्या काकड्याला पहिली चाल कोण लावतंय ते बी ठरवा."

आप्पा खाली बसले. मंडळात बायकांच्या बाजूला दुसरा गळा नव्हता.

मग नावं पुढे सरकली आणि गंमत सुरू झाली. प्रभाग दोनचा सदस्य, जो मला वैयक्तिक म्हणून दोन ग्लास सरबत देऊन मोकळा झाला होता, तो चंद्राक्काकडे बघत म्हणाला, "अक्काच म्हणतायत तर... अनुकूल." तीन प्रतिकूल. चार प्रतिकूल, पण एवढं हळू की काशीदने दोनदा विचारलं. पाच अनुकूल. सगळे आधी चंद्राक्काकडे बघत, मग आप्पांकडे, मग बोलत. मला वाटलं, सगळ्यांना माना खाली घालायला लावाव्यात.

"प्रभाग नऊ, दत्तू घोणे."

दत्तू उठला. शर्टाच्या बाहीला एक बारीक पांढरं पीस चिकटलेलं होतं. "प्रतिकूल," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता बसला.

सोळा नावं संपली. काशीदने पेनाच्या टोकाने एकदा मोजलं, मग परत मोजलं. "अनुकूल आठ. प्रतिकूल आठ."

आमच्या नगरपरिषदेत जुना प्रघात होता: अध्यक्षाने एरवी मत द्यायचं नाही, बरोबरी झाली तरच द्यायचं. सगळी डोकी एकदम विलासकडे वळली. त्याने फाइल आणखी वर धरली.

"आधी चहा घेऊ या का?"

"मत द्या!" दोन्हीकडून एकदम आवाज आला. त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट एकमताने झाली.

विलासच्या कपाळावर घाम आला होता. त्याने आप्पांकडे पाहिलं, चंद्राक्काकडे पाहिलं, आणि मग दाराकडे, माझ्याकडे. त्याची ती नजर मी ओळखत होते. वजाबाकीत हातचा घ्यायचा की नाही हे न कळणाऱ्या मुलाची.

"बाई," तो हळूच म्हणाला. "मुलांचे आईबाप मिळून मतं किती होतील हो?"

"मुलं सहाशे. दोनचा पाढा तरी येतो ना?"

"पण मंडळाची पण तेवढीच आहेत."

"मग मी काय सांगू? मला बोलायचा अधिकार नाही."

"सांगा ना, बाई."

मी उभी राहिले. तसंही उभ्याने हरायचं ठरलेलंच होतं. "विलास, मान खाली."

आता खरं सांगते, मला वाटलं तो हसेल. किंवा चिडेल. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, दारात लाल दिव्याची नसली तरी पाटी लावलेली गाडी. पण शरीराला काही गोष्टी माणसाच्या आधी आठवतात. फाइल टेबलावर ठेवली गेली, मनगट तिच्यावर, कपाळ मनगटावर. डोळे मिटले. माझ्या नऊ विद्यार्थ्यांपैकी आणखी तिघांच्या माना आपोआप खाली गेल्या. त्यात दत्तू होता.

बाहेर रिक्षावाल्याचं भांडण शब्दन् शब्द ऐकू आलं.

"केळं?" मी वर्गातल्या आवाजात विचारलं.

काही हललं नाही.

"अंडं?"

विलासचा हात वर गेला. सरळ, कोपर कानाला लावून, शिकवला होता तसा.

मग जो दंगा झाला तो झाला. अर्धे बाकं वाजवत होते, अर्धे "हे बेकायदा आहे" म्हणत होते, आणि हसत दोन्हीकडचे होते. काशीद पेन धरून उभा. "अध्यक्ष साहेब, अनुकूल धरू का?"

"धर," विलास मान खाली ठेवूनच म्हणाला.

मग तो उठून बसला, आणि बसताक्षणी पुन्हा नगराध्यक्ष झाला. घसा साफ केला. "काशीद, पुढे लिही. अध्यक्षांनी बालकांच्या हितार्थ निर्णायक मत अनुकूल दिले. तथापि अध्यक्षांचे वैयक्तिक मत ठरावाच्या विरोधात आहे."

"विलास," मी म्हटलं, "सकाळी तर उलटं होतं!"

"सकाळी मी गटारीची पाहणी करत होतो, बाई. काशीद, लिहितोयस ना? अध्यक्ष हे वैयक्तिक जीवनात शुद्ध शाकाहारी असून..."

काशीदने लिहिता लिहिता मान वर केली आणि त्याचं पेन थांबलं. फाइल टेबलावरच राहिली होती. पांढऱ्या खिशावर मोठा पिवळा गोल, मधोमध, बटणासारखा.

"अध्यक्ष," आप्पा बाकावरून म्हणाले, "खिशाला काय लागलंय?"

विलासने खाली पाहिलं. क्षणभरच. "हळद, आप्पा. घरात लग्नकार्य आहे."

"कोणाचं?"

"ते अजून विचाराधीन आहे."

सभेचं ते पुस्तक नगरपरिषदेच्या कपाटात अजून असेल. पुढेमागे कुणी अभ्यासाला काढलं तर त्याला दिसेल की हिवरकोटच्या मुलांना अंडं मिळालं ते एका शुद्ध शाकाहारी अध्यक्षाच्या निर्णायक मतामुळे. दत्तू घोणे, व्यवसाय चिकन विक्री, अंड्याच्या विरोधात होता, हेही दिसेल. त्याच महिन्यात अंडी पुरवण्याचं काम दत्तूच्या मेव्हण्याला मिळालं, ते मात्र दुसऱ्या पुस्तकात आहे. आणि पहिल्या ओळीवर चंद्राक्का मुळे. अनुकूल. तिच्या नावापुढे शेऱ्याची जागा कोरी आहे.

सभा संपल्यावर ती पायऱ्यांवर चपला शोधत होती. मी तिचे हात धरायला पुढे झाले. तिने धरू दिले, पण चेहरा काही सैल झाला नाही.

"बाई, मेंबरं किती आमी?"

"सतरा."

"तुमी दारं किती फिरलात?"

मी तिचे हात सोडले.

"घोण्याकडं गेलात. अध्यक्षाला गाडीवर गाठलात, ते बी माज्या कानावर आलंय. माज्या दारावरून दोनदा गेलात, मी वसरीवर तांदूळ निवडत होते. माळ बघितलीत आन् पुढं गेलात."

"अक्का, मला वाटलं तुम्ही नाहीच म्हणाल."

"म्हनले बी असते. कोण जाणे." तिला एक चप्पल सापडली, ती तिने पायात सरकवली. "आठ दिस एकटीच इचार करत बसले. इकडं माळ, तिकडं ती रुमालात बांधणारी पोरं. कुणाशी बोलावं, तर मंडळातल्या बायकांशी बोलता येईना. तुमी आला असता तर निदान सोबत झाली असती."

दुसरी चप्पल माझ्या पायाखाली होती. मी पाय उचलला, तिने ती घातली आणि ती गेली.

त्या दिवशी मी शाळेत न जाता तिच्या घरी गेले. तांदूळ अजून अर्धे निवडायचे होते. आम्ही दोघींनी ते निवडले. अंड्याचा विषय कुणीच काढला नाही.

पुढच्या आठवड्यात प्रार्थना संपली आणि कुणीतरी विचारलं, "बाई, आज बुधवार हाय का?"

"हाय," मी म्हटलं.

व्हरांड्यात मुलं ओळीने बसली. एका टोकाला अंड्यांचं पातेलं, दुसऱ्या टोकाला केळ्यांची पाटी. केळ्यांपाशी चंद्राक्का बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पदर नाकावर घट्ट दाबलेला, वरून नुसते डोळे, आणि ते केळ्यांवर नव्हते. सगळी ओळ तपासत होते.

मतदानाच्या दिवशी झोपलेली मुलगी आज जागी होती. तिने अंडं फोडलं, पांढरं खाल्लं, आणि पिवळा गोळा हळूच व्हरांड्याच्या कडेवरून खाली सोडायला हात लांब केला.

पदर नाकावरून खसकन खाली आला.

"ए भवाने! पिवळं टाकू नगंस! खा म्हंते ना, खा!"

मुलीने घाबरून गोळा तोंडात टाकला. चंद्राक्काने ती गिळेपर्यंत वाट पाहिली. मग पदर पुन्हा नाकावर दाबला.